बॉल पायथन खाईना म्हणून जोडी आणली, आता दोन्ही खाईनात

बॉल पायथन म्हणजे हौसेने पाळला जाणारा परदेशी अजगर. त्याच्याबद्दल महिन्यातून एकदा तरी हा फोन येतो. कधी इचलकरंजीहून, कधी गडहिंग्लजहून, बहुतेक वेळा कोल्हापुरातूनच. बोलणाऱ्याचा सूर काळजीचा असतो आणि हकिकत ठरलेली. "दादा, पायथन दीड महिना झाला खाईना. एकटा पडलाय वाटलं, म्हणून जोडीला दुसरा आणला. आता दोन्ही खाईनात. काय करू वो?"

दोघांना आज रात्रीच वेगळं करा. का, ते पुढे सांगतो. पण आधी एवढं उरका.

दुसरा टँक नसला तरी अडत नाही. कपडे ठेवायचा, बाजूंना क्लिपा असलेला प्लास्टिकचा मोठा डबा घ्या. खिळा तापवून दोन्ही बाजूंना छोटी छोटी भोकं पाडा, आतून बाहेर, म्हणजे धारदार कड सापाच्या बाजूला येत नाही. तळाला वर्तमानपत्र, कलंडणार नाही असं पाण्याचं जड भांडं, लपायला दोन जागा आणि एका टोकाखाली थर्मोस्टॅटला (तापमान ठरावीक ठेवणाऱ्या यंत्राला) जोडलेली हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी पट्टी. दोघांपैकी एकाने कालपरवा खाल्लं असेल तर त्याला हात लावू नका, दुसऱ्याला हलवा. पोटात भक्ष्य असताना दोन दिवसांच्या आत उचललं तर साप ते बाहेर टाकू शकतो. नवा आणलेला साप दुसऱ्या खोलीत जाऊ दे. मग आठ-दहा दिवस फक्त पाणी बदला. हातात घेणं नाही, पाहुण्यांना दाखवणं नाही, रोज रात्री उंदीर पुढे करून बघणंही नाही.

मी स्वतः हीच चूक केली आहे, म्हणून इतकं ठासून सांगतोय.

माझी बॉल पायथन राणी २०१६ साली आली. २०१८ च्या ऑक्टोबरात तिने खाणं सोडलं. आम्ही तेव्हा शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत तळमजल्यावर राहायचो आणि टँक फरशीवर ठेवलेला. दीड महिना मी रोज रात्री टँकपुढे बसायचो. ज्याच्याकडून राणी घेतली होती तो म्हणाला, "एकटी आहे, जोडी लावा, खायला लागेल." मला ते पटलं, कारण मला ते पटवून घ्यायचंच होतं. डिसेंबरच्या सुरुवातीला ३४० ग्रॅमचं एक पिल्लू आणलं. गुळाच्या ढेपेसारखा रंग, म्हणून नाव गुळ्या.

पहिल्याच आठवड्यात दोघं एकमेकांवर वेटोळं घालून बसायला लागली. शेजारचे काका बघायला आले, म्हणाले, "कशी बिलगून बसल्यात बघ." मी फोटो काढले, नातेवाइकांना पाठवले. आई तेवढी गप्प होती. मग म्हणाली, "बिलगलेली न्हाईत रे ती. थंडीत शेगडीपाशी आम्ही पोरं अशीच बसायचो. जागा एकच होती नव्हं."

आईचं बोलणं तेव्हा मी कानाआड केलं. फेब्रुवारीच्या मध्यावर गुळ्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला तर २९१ ग्रॅम. अडीच महिन्यांत ४९ ग्रॅम, म्हणजे वजनाचा सातवा हिस्सा गेला होता. पाठीचा कणा बोटाला लागत होता. राणीनेही तोवर एकदाच खाल्लं होतं आणि तिसऱ्या दिवशी ओकून टाकलं होतं. दोघांच्या मधोमध हात घालून मी टँकच्या तळाचं तापमान मोजलं. ज्या कोपऱ्यासाठी त्यांची ओढाताण चालली होती, तो "गरम" कोपराच मुळात २६ अंशांचा होता.

जोडीचा प्रश्न नव्हताच, ऊब कमी पडत होती. एक साप उबेवाचून खात नव्हता, आणि मी त्याच अपुऱ्या उबेत दुसरा वाटेकरी आणून ठेवला होता.

सापाला सोबत लागते का

बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. दिवसा उंदरांच्या बिळात नाहीतर वारुळात बसायचं, रात्री बाहेर पडायचं, हा त्याचा शिरस्ता. शिकार एकट्याने करतो. नर-मादी विणीपुरते एकत्र येतात. मादी अंड्यांभोवती जवळजवळ दोन महिने वेटोळं घालून बसते, पण पिल्लं बाहेर पडली की ज्याची त्याची वाट वेगळी. त्याला कळप नाही, आणि दोन साप मिळून करावं असं त्याच्या जगण्यात फारसं काही नाही.

आपल्या मनातली नाग-नागिणीची जोडी मात्र फार जुनी आहे. नाग मारला तर नागीण डूख धरते, धामण म्हणजे नागाची बायको, अशा गोष्टी ऐकतच आपण वाढलो. पावसाच्या आधी शेताच्या बांधावर दोन धामणी एकमेकींना पीळ घालून उभ्या राहिलेल्या दिसल्या की बघणारा "लगीन चाललंय" म्हणून हात जोडतो. कुणी अंगावर कापड टाकतं आणि ते शुभ म्हणून जपून ठेवतं. अशी उभी राहिलेली जोडी बहुतेक वेळा दोन नरांची असते. ती कुस्ती असते, एकाने दुसऱ्याचं डोकं खाली दाबायची. आपल्याला संसार दिसतो तिथे झुंज चाललेली असते. घरातल्या टँकमध्येही नेमकी हीच गल्लत होते.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण ती खरी आहे. काही साप एकत्र येतात. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात नार्सिस इथे गार्टर साप हिवाळ्यासाठी हजारोंच्या संख्येने एकाच ठिकाणच्या बिळांत उतरतात. विल्फ्रिड लॉरियर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली दाखवलं की गार्टर साप कुणाजवळ बसायचं हेसुद्धा निवडतात. पुढे त्याच मंडळींनी बॉल पायथनच्या पिल्लांवर काम केलं. प्रशस्त जागा होती, लपायला पुरेशी ठिकाणं होती, तरी पिल्लं एकाच आडोशाला गोळा होत राहिली. हे वाचून मला मनापासून आनंद झाला होता. सापाला आपण समजतो त्याहून जास्त कळतं, असं मला आधीपासून वाटत आलंय.

पण याचा अर्थ घरातल्या टँकमध्ये दुसरा साप सोडावा, असा कुणी काढू नये. तिथे जागा मोठी, आडोसे भरपूर आणि लक्ष ठेवणारे शास्त्रज्ञ. आपल्याकडे तीन फुटांचा टँक आणि एक गरम कोपरा. शिवाय पिल्लं एकत्र बसली म्हणून मोठे साप वर्षानुवर्षं एकत्र सुखाने राहतील, असं त्यातून निघत नाही. एकट्या ठेवलेल्या बॉल पायथनला ऊब, आडोसा आणि वेळेवर भक्ष्य मिळालं तर तो वीस-तीस वर्षं जगतो. जोडी ठेवली की त्याला काय मिळतं हे धूसर आहे, धोका काय होतो हे मात्र स्वच्छ दिसतं.

एकत्र ठेवल्याने काय बिघडतं

सगळ्यात आधी खाणं. दोघांनी एकाच उंदरावर झडप घातली की एकाचं तोंड दुसऱ्याच्या डोक्यावर जातं. सापाचे दात मागे वळलेले असतात; एकदा रुतले की त्याला स्वतःलाही सोडवणं जड जातं. असं झालं तर ओढाओढ करू नका, दात तुटतात आणि जबडा फाटतो. ज्याने धरलंय त्याच्या तोंडावर गार पाण्याची बारीक धार हळूहळू सोडा आणि त्याला आपणहून सोडू द्या. किंग स्नेकच्या बाबतीत तर विचारच नको, साप खाणं हा त्याचा स्वभावच आहे. कॉर्न स्नेकनेही सोबतचं लहान पिल्लू गिळल्याची उदाहरणं आहेत.

मग कळायचं बंद होतं. टँकमध्ये ओकलेलं सापडलं, ते कुणाचं? विष्ठा पातळ आहे, ती कुणाची? माझ्याकडे जानेवारीत एकदा असं झालं आणि मी तीन आठवडे चुकीच्या सापाची काळजी करत बसलो.

आणि रोग. सापाच्या अंगावरचे गोचिडीसारखे बारीक काळे किडे, ज्यांना पाळणारे माइट्स म्हणतात, एका रात्रीत या अंगावरून त्या अंगावर जातात. पाण्याच्या भांड्याच्या तळाला मिरपुडीसारखे काळे कण दिसले, साप तासन्‌तास पाण्यात बसून राहिला, तर तेच समजा. पायथनमध्ये निडोव्हायरस नावाचा, श्वसनमार्गाला होणारा विषाणू असू शकतो. बोआ आणि पायथनमध्ये आयबीडी नावाचा विषाणूजन्य आजार होतो, आणि त्यावर औषध नाही. वरून धडधाकट दिसणारा साप हे घेऊन येऊ शकतो. म्हणून नवा साप किमान ९० दिवस वेगळ्या खोलीत, वर्तमानपत्रावर. चिमटा, हुक, पाण्याचं भांडं सगळं वेगळं. रोजची कामं आधी जुन्या सापाची, शेवटी नव्याची, आणि दोन्हींच्या मध्ये साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे. सापाचं भांडं स्वयंपाकघरातल्या बेसिनमध्ये धुवायचं नाही. सापाकडून येणाऱ्या साल्मोनेला जंतूचा संसर्ग माणसालाही होतो आणि घरात लहान मूल असेल तर त्याला जास्त.

नर-मादी असतील तर आणखी एक. चार दिवस एकत्र राहिली तरी मादी नराचं बीज अंगात साठवून ठेवू शकते आणि वेगळी केल्यावर काही महिन्यांनी अंडी घालू शकते. अंगाने न भरलेल्या मादीला ते झेपत नाही.

इथेच कायद्याचं सांगून टाकतो. हे सगळं परदेशी सापांबद्दल चाललंय. नाग, धामण, मांडूळ, आपल्याकडचा अजगर, यांतला कुठलाही घरात ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. घरात साप निघाला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. बॉल पायथन साइट्स कराराच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात येतो. २०२२ ची कायद्यातली दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांमुळे त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. पिल्लं झाली, साप दगावला, कुणाला दिला, तरी कळवावं लागतं. आणि नको झाला म्हणून रंकाळ्याकाठी किंवा पन्हाळ्याच्या रानात सोडून येणं, हे कृपा करून कुणीही करू नका. सापाच्याही जिवावर बेततं आणि तिथल्या प्राण्यांच्याही.

मग तो खात का नाही

वेगळं केलं, आठ-दहा दिवस गेले. आता मूळ दुखणं शोधायचं.

तापमान आधी. अंदाजाने नाही, हाताच्या पंज्याने नाही. टेम्परेचर गन किंवा वायरचा डिजिटल थर्मामीटर घ्या आणि साप जिथे पोट टेकतो तिथे मोजा. गरम बाजू ३१ ते ३३ अंश, थंड बाजू २५ ते २७. कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १४-१५ पर्यंत उतरतो आणि फरशी त्याहून आधी गार पडते. मी टँक फरशीवरून उचलून लाकडी स्टुलावर ठेवला, खाली थर्माकोलचा तुकडा घातला, हीट मॅटवरचा काथ्याचा चार बोटं थर दोन बोटांवर आणला, आणि गरम बाजू २६ वरून ३१ वर आली. नवं काहीही विकत न घेता. हीट मॅट थर्मोस्टॅटशिवाय लावू नका. सापाला पोटाखालचा चटका वेळेवर कळत नाही आणि भाजेपर्यंत तो तिथेच बसून राहतो. थर्मोस्टॅटचा सेन्सर मॅट आणि टँकच्या तळाच्या मध्ये चिकटवा, पाण्याच्या भांड्याजवळ लोंबकळत ठेवू नका.

लपायची जागा दोन हव्यात, एक गरम बाजूला, एक थंड बाजूला. एकच असेल तर सापाला ऊब आणि आडोसा यांतलं एक निवडावं लागतं. आणि जागा घट्ट हवी. प्रशस्त गुहा आपल्याला आवडते. बॉल पायथनला पाठ, पोट आणि बाजू टेकलेल्या हव्या असतात. माझ्याकडे शेजारच्या कुंभाराने केलेली मडकी आहेत. भाजायच्या आधी बाजूला अर्धगोल दार कापून घेतलं, कडा ओल्या हाताने गुळगुळीत करून घेतल्या. राणी आत गेली की मडकं गच्च भरतं, फक्त नाकाचं टोक दारात दिसतं. ज्या रात्री तिला ते मडकं दिलं, त्यानंतर बाराव्या दिवशी तिने खाल्लं. आतलं मडकं पालथं असेल तर त्यावर पाण्याचं भांडं ठेवू नका. वजनाने सरकून साप खाली चेपला जातो.

दमटपणा ५५ ते ७० टक्के. आपल्याकडे हे ऋतूप्रमाणे उलटसुलट होतं. एप्रिलमध्ये हवा इतकी कोरडी असते की कात तुकड्यातुकड्यांनी निघते. तेव्हा मडक्यात ओलसर शेवाळ किंवा ओला काथ्या ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये उलट, काथ्या आठवडाभर वाळत नाही. ओल आणि गारवा एकत्र आले की छातीचा त्रास होतो. तोंड उघडं ठेवून श्वास, नाकाशी बुडबुडे, शिट्टीसारखा आवाज, यांतलं काही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे न्या. लाकडाच्या वखारीतला भुसा अंथरू नका. बारीक धूळ नाकात जाते आणि कुठल्या लाकडाचा आहे ते कळत नाही.

हे तिन्ही ठीक असेल आणि साप मोठा असेल, तर कदाचित काहीच बिघडलेलं नसेल. मोठे बॉल पायथन, विशेषतः नर, हिवाळ्यात दोन-तीन महिने, कधी त्याहून जास्त उपास धरतात. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ निळे होतात, तेव्हाही बहुतेक साप खात नाहीत. म्हणून दर पंधरवड्याला वजन करून वहीत लिहा. वजन टिकून आहे तोवर धीर धरा. दहा टक्क्यांवर घटलं, किंवा पिल्लू महिनाभर खाईना, तर मात्र वाट बघू नका. माझ्या हातात डिसेंबरपासून वही असती तर गुळ्याचे हाल जानेवारीतच थांबले असते. याचं मला अजून वाईट वाटतं.

पुन्हा खायला देताना भक्ष्य नेहमीपेक्षा थोडं लहान घ्या, सापाच्या सगळ्यात जाड भागाएवढंच. मेलेलं, कोमट पाण्यात पिशवीत ठेवून गरम केलेलं, लांब चिमट्याने, दिवे मालवून. जिवंत उंदीर टँकमध्ये सोडून झोपायला जाऊ नका. न खाणाऱ्या सापाला उंदीर कुरतडतो. नाही घेतलं तर अर्ध्या तासात काढून घ्या आणि पुढच्या आठवड्यापर्यंत विषय बंद.

दोन साप असतील तर घर कसं

दोन साप पाळू नका असं मी म्हणत नाही. दोन साप, दोन घरं. मोठ्या बॉल पायथनसाठी साधारण १२० सेंटिमीटर लांब, ६० रुंद, ६० उंच. पिल्लाला एवढं एकदम देणार असाल तर आतली जागा वाळक्या फांद्या, कृत्रिम पानं आणि आडोशांनी भरून टाका, उघड्यावर ते बिचकतं. काचेची सरकती दारं असतील तर कुलूप लावाच. साप नाकाने रोज रात्री त्या फटीची परीक्षा घेतो, आणि जिथे डोकं जातं तिथे अंग जातं. वायर आत येते ते भोक सगळे विसरतात; तिथे कापूस नको, सिलिकॉन भरा. दोन टँक एकमेकांना लागून असले तरी चालतं, मात्र नव्या सापाचे ९० दिवस झाल्यावर.

लाइट गेली तर घाबरू नका. बॉल पायथनला चार तास गारव्याने काही होत नाही. लांबली तर प्लास्टिकच्या बाटलीत गरम पाणी भरून, टॉवेलात गुंडाळून एका बाजूला ठेवा आणि टँकवर घोंगडं टाका, हवेची एक बाजू मोकळी ठेवून. घोंगड्याएवढी ऊब दुसरं काही धरत नाही.

आणि पुराचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं तेव्हा शेजारी अर्धवट रंगवलेले गणपती माळ्यावर चढवत होते आणि मी साप पिशवीत भरत होतो. राणी एका उशीच्या अभ्र्यात, गुळ्या दुसऱ्यात. अभ्रा उलटा करून घ्यायचा, म्हणजे शिवणीचे सुटे दोरे आत येत नाहीत. तोंड पिळून गाठ मारायची, दोरी बांधायची नाही. प्रत्येक पिशवी भोकं पाडलेल्या वेगळ्या डब्यात, डब्यावर चिठ्ठी. सहा दिवस दोघं एका नातेवाइकाच्या घरी राजारामपुरीत होती, एक देवघराच्या खोलीत, एक गॅलरीतल्या कपाटात. गुळ्या तेव्हा ६१० ग्रॅमचा झाला होता. परत आल्यावर चौथ्या दिवशी त्याने खाल्लं, पाचव्या दिवशी राणीने.